तीन निवृत्तिवेतने, एक घर

पत्र: मी रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. २००९ मध्ये रुजू झाले आणि २०४१ मध्ये निवृत्त होईन. माझे यजमान एसटीत चालक आहेत. सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून २००४ मध्ये निवृत्त झाले. त्यांचे वय ७९ आहे. गेले काही महिने त्यांच्या मोबाइलवर सतत संदेश येत आहेत की नव्या कायद्यामुळे सरकार जुनी पेन्शन बंद करणार. त्या धास्तीने त्यांनी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलली आहे आणि पेन्शनचा पैसा खर्च न करता साठवत आहेत. दुसरीकडे माझ्या हातात निवृत्तिवेतन योजना निवडण्याच्या विकल्पाचा नमुना आला आहे आणि मला काहीच ठरवता येत नाही. मुंबईचे भाऊजी म्हणतात, सरकारचा भरवसा धरू नका, विकल्प कोणताही भरा, पण साठवलेल्या पैशात हापूसची वीस कलमे असलेली जागा घ्या, तीच खरी पेन्शन. २०४१ नंतर सरकार आम्हाला पैसे देऊ शकेल का, हे कोणी सांगू शकेल का?
— एक शिक्षिका

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात प्रश्न एकच दिसत असला तरी तुमच्या घरात तीन वेगवेगळी निवृत्तिवेतने आहेत आणि त्या तिघांची सुरक्षितता तीन वेगवेगळ्या खांबांवर उभी आहे. आबांची जुनी पेन्शन, तुमची राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील जमा आणि तुमच्या यजमानांची भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतील पेन्शन या तिन्हींना आपण बोलताना एकच शब्द वापरतो. त्यामुळे एकाची भीती दुसऱ्याला चिकटते. मी उपकोषागारात नोकरीची पुष्कळ वर्षे काढली आहेत आणि या तीनही प्रकारच्या माणसांना काउंटरच्या पलीकडे उभे असलेले पाहिले आहे. त्या अनुभवावरून आधीच सांगतो की सरकारी पेन्शन बुडाल्याचे मी पाहिलेले नाही. ती रखडल्याचे आणि झिजल्याचे मात्र पाहिले आहे. आबा ज्या गोष्टीला घाबरत आहेत ती घडण्याची शक्यता फार कमी आहे. ज्या गोष्टीकडे तुम्हा दोघांनीही लक्ष द्यायला हवे ती तुमच्या पत्रात कुठेच नाही.

आधी आबांचे पाहू. त्यांचा हक्क महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधून येतो. त्याच वर्षी, १७ डिसेंबर १९८२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने डी. एस. नाकारा यांच्या खटल्यात निकाल दिला की निवृत्तिवेतन ही मालकाने खुशीने दिलेली बक्षिसी नाही, ते आयुष्यभर केलेल्या सेवेचे मागाहून मिळणारे मोल आहे. पीठाचे अध्यक्ष सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते. पेन्शनर मंडळी १७ डिसेंबर हा दिवस पाळतात तो याच निकालामुळे. पुढे २०१३ मध्ये झारखंडच्या एका प्रकरणात न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की पेन्शन ही मालमत्ता आहे आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०० अ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय ती कोणाकडून काढून घेता येत नाही. म्हणजे एखाद्या सकाळी एक शासन निर्णय निघाला आणि आबांची पेन्शन बंद झाली, असे होऊ शकत नाही.

आबांच्या मोबाइलवर येणाऱ्या संदेशांत सत्याचा एक कण आहे आणि तो सांगितल्याशिवाय त्यांची भीती जाणार नाही, म्हणून सांगतो. केंद्र सरकारने २०२५ च्या वित्त कायद्यात केंद्रीय निवृत्तिवेतन नियमांना वैधता देणारे एक प्रकरण घातले. त्यानुसार निवृत्तिवेतनधारकांमध्ये निवृत्तीच्या तारखेनुसार भेद करण्याचा अधिकार केंद्राकडे असल्याचे मानले गेले. ही तरतूद भारताच्या संचित निधीतून होणाऱ्या खर्चापुरती आहे, ती आबांच्या राज्य सेवेच्या पेन्शनला लागत नाही, आणि केंद्राच्या पेन्शनरांचीही चालू पेन्शन तिने बंद होत नाही. असे असले तरी मला ती तरतूद पटलेली नाही. निवृत्तीची तारीख धरून पेन्शनरांचे दोन वर्ग पाडणे अन्यायाचे आहे, हेच तर नाकारा खटल्यात न्यायालयाने म्हटले होते. त्या विचारापासून सरकार मागे सरकू पाहत असेल, तर पेन्शनर संघटनांनी ते लक्ष ठेवून पाहिलेच पाहिजे. आठव्या वेतन आयोगाच्या कार्यकक्षेतही, निधीची तरतूद नसलेल्या विनाअंशदान (कर्मचाऱ्याच्या पगारातून कपात नसलेल्या) पेन्शन योजनांचा खर्च लक्षात घ्यावा, असे शब्द आले आहेत. हे शब्द पेन्शन थांबवण्याचे नाहीत. पुढच्या वाढीचा हात आखडता घेण्याची वाट मात्र त्यातून मोकळी होऊ शकते.

झिजणे म्हणतो ते हेच. करोनाच्या काळात केंद्राने जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ या तीन हप्त्यांची महागाई भत्त्यातील आणि महागाई वाढीतील, म्हणजे पेन्शनरांना मिळणाऱ्या महागाईच्या भरपाईतील, भर गोठवली. जुलै २०२१ पासून दर १७ टक्क्यांवरून २८ टक्के झाला, परंतु मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. मूळ पेन्शनला कोणी हात लावला नाही, गेली ती महागाईची भरपाई. अमेरिकेत २०१३ मध्ये डेट्रॉइट शहर दिवाळखोरीत निघाले तेव्हा तिथल्या सामान्य निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मूळ पेन्शनमध्ये ४.५ टक्के कपात झाली, पण वर्षावर्षाची महागाई वाढ पूर्णच गेली. दहा-पंधरा वर्षांच्या हिशेबात हे दुसरे नुकसान पहिल्यापेक्षा मोठे ठरते. मालक अडचणीत आला की आधी महागाईची वाढ कापली जाते, कारण ती कापल्याचा आवाज कमी होतो.

आणि रखडणे म्हणजे काय, ते हिमाचल प्रदेशाने दाखवले. २०२३ मध्ये त्या राज्याने जुनी पेन्शन पुन्हा लागू केली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिजोरीची ओढाताण इतकी झाली की पहिल्या तारखेला होणारे पगार पाच तारखेला आणि पेन्शन दहा तारखेला झाली. पेन्शन मिळाली, पण ज्याचा किराणा आणि औषधे पहिल्या आठवड्यात येतात त्याला दहा दिवस म्हणजे काय, हे सांगायला नको. आंध्र प्रदेश सरकारने मार्च-एप्रिल २०२० मधील पगार आणि पेन्शनचा काही भाग रोखून ठेवला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने रोखलेली रक्कम ६ टक्के व्याजासह देण्यास सांगितले. आबांना हा निकाल जरूर वाचून दाखवा. महामारीसारख्या संकटातही सरकारला पेन्शन नुसती लांबवणे महागात पडले, तर बंद करण्याची गोष्ट किती दूरची आहे ते त्यांना आपोआप कळेल.

आता, पेन्शन साठवून ठेवून आबा स्वतःला सुरक्षित समजत आहेत, पण त्यांची खरी जोखीम कागदांत आहे. माझ्या नोकरीत एका श्रावणात एक वृद्ध बाई प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, घेऊन आल्या होत्या. यजमान जाऊन दीड महिना झाला होता. पीपीओवर पत्नीचे नाव एक, आधारवर दुसरे, आणि बँकेच्या पुस्तकात तिसरे, कारण माहेरचे नाव, लग्नात ठेवलेले नाव आणि लोक ज्या नावाने हाक मारतात ते नाव अशी तीन नावे त्यांच्यासोबत आयुष्यभर चालत आली होती. बाईंचा हक्क निर्विवाद होता, तरीही प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि पत्रव्यवहार यांत त्यांचा शिमगा उलटून गेला. त्या काळात त्यांनी शेजाऱ्यांकडून पैसे उसने घेतले. म्हणून आज-उद्यात आबांचा पीपीओ कपाटातून काढा. तुमच्या सासूबाईंचे नाव आणि जन्मतारीख त्यावर नोंदलेली आहे का, ती आधार आणि बँकेच्या खात्याशी अक्षरशः जुळते का, खाते दोघांच्या नावे आहे का, हे पाहा. चूक असेल तर आबा हयात असताना त्यांच्या एका अर्जावर ती दुरुस्त होते. नंतर तीच दुरुस्ती एकट्या बाईला करावी लागते. महाराष्ट्रात सर्वसाधारण कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असते. सासूबाईंचे पुढचे आयुष्य त्या ३० टक्क्यांवर आणि त्या एका नावाच्या अचूकपणावर उभे राहणार आहे.

आणखी एक गोष्ट पाहा. आबांनी २००४ मध्ये निवृत्त होताना पेन्शनचे अंशराशीकरण केले असणार, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले असणार. तो भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो, म्हणजे त्यांच्या बाबतीत २०१९ च्या सुमारास. तो झाला आहे का, हे त्यांच्या पासबुकातील त्या वर्षाच्या नोंदी काढून तपासा. आबा अव्वल कारकून होते, तरी स्वतःच्या पेन्शनचा हिशेब माणूस सहसा तपासत नाही, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. आणि पुढच्या वर्षी ते ८० पूर्ण करतील तेव्हा वयोमानानुसार मिळणारी वाढ लागू होईल. तीही लागली की नाही, ते पाहणे तुमचेच काम आहे.

आता तुमच्याकडे वळतो, कारण तुमचा प्रश्न अधिक कठीण आहे.

३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने, १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांसाठी जुनी पेन्शन बंद झाली आणि परिभाषित अंशदान योजना आली, जिला आपण सगळे डीसीपीएस म्हणतो. २०१५ पासून ती राष्ट्रीय योजनेशी जोडली गेली. आज तुमच्या मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के तुमच्याकडून आणि १४ टक्के सरकारकडून जमा होतात. जुन्या पेन्शनमागे कुठलाही निधी नाही. ती दर महिन्याच्या तिजोरीतून, म्हणजे त्या त्या वर्षीच्या करदात्याच्या पैशातून दिली जाते. तुमच्या योजनेमागे पैसा आहे, तो तुमच्या नावावर आहे आणि तो सरकारलाही सहजासहजी काढता येत नाही. राजस्थान आणि छत्तीसगड यांनी २०२२ मध्ये जुन्या पेन्शनची घोषणा केल्यावर निधीतील जमा रक्कम परत मागितली. केंद्राने स्पष्ट सांगितले की कायद्यात तशी तरतूदच नाही. म्हणजे जुन्या पेन्शनमध्ये वचन सरकारचे आणि पैसा उद्याचा, तर तुमच्या योजनेत पैसा आजचा, पण वचन कोणाचेच नाही. बाजार पडला, व्याजदर उतरले, तुम्ही नव्वदी पाहिली, तर ती जोखीम तुमचीच.

आकडा धरून पाहा. समजा २०४१ मध्ये तुमच्या खात्यात ५० लाख रुपये जमले. नियमानुसार किमान ४० टक्के रकमेची, म्हणजे २० लाखांची, विमा कंपनीकडून आजीव वार्षिकी, म्हणजे आयुष्यभर ठरावीक रक्कम देणारी योजना, घ्यावी लागते. तिचा दर ६ टक्के धरला तर वर्षाला १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार रुपये मिळतील. पहिल्या वर्षी दहा हजार आणि विसाव्या वर्षीही दहा हजारच. उरलेले ३० लाख तुमच्या हातात येतील. तुम्ही ते कसे सांभाळता यावर बाकीचे सगळे अवलंबून राहील. जुन्या पेन्शनमधील शेवटच्या वेतनाचा निम्मा भाग आणि त्यावर वाढत जाणारी महागाई वाढ यांच्याशी तुलना केली की मार्च २०२३ मध्ये राज्यभरातील कर्मचारी आठवडाभर संपावर का गेले, ते कळते.

तुमच्या हातातील विकल्प हे त्या आंदोलनानंतरच्या घडामोडींचे फळ आहे. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. त्याआधी राज्याने स्वतःची सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनाही मांडली होती. तीत शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतन, त्यावर महागाई वाढ आणि निवृत्तिवेतनाच्या ६० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन असे सूत्र आहे. केंद्राच्या एकीकृत योजनेत २५ वर्षे सेवा असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम, किमान दहा वर्षे सेवेला महिना दहा हजार, आणि पश्चात जोडीदाराला ६० टक्के असे आश्वासन आहे. त्यासाठी कर्मचारी १० टक्के आणि सरकार १८.५ टक्के भरते. त्या १८.५ पैकी १० टक्के कर्मचाऱ्याच्या खात्यात आणि ८.५ टक्के सामूहिक निधीत जातात. म्हणजे येथे पहिल्यांदाच वचनामागे काही पैसाही ठेवलेला आहे. माझ्या मते टिकाऊपणाच्या दृष्टीने ही रचना जुन्या पेन्शनपेक्षा अधिक भक्कम आहे आणि नुसत्या राष्ट्रीय योजनेपेक्षा अधिक माणुसकीची आहे. संघटनांच्या व्यासपीठावर हे मत आवडणार नाही, याची मला कल्पना आहे.

सरकार २०४१ नंतर पैसे देऊ शकेल का, हा तुमचा थेट प्रश्न. त्याचे उत्तर तिजोरीच्या वयाच्या गणितात आहे. १९८० च्या दशकात भरती झालेली मोठी पिढी आता निवृत्त झाली आहे किंवा होत आहे आणि तिची आयुष्ये आधीच्या पिढीपेक्षा लांब आहेत. याच काळात सरकारला २००५ नंतरच्या कर्मचाऱ्यांचे १४ टक्केही दरमहा भरावे लागतात. म्हणजे तिजोरीवर एकाच वेळी जुन्या पेन्शनचा आणि नव्या अंशदानाचा असा दुहेरी भार आहे आणि आपण नेमके त्या अवघड वळणावर उभे आहोत. २००५ मध्ये विशीत रुजू झालेला शेवटचा जुना कर्मचारी साधारण २०४३ ला निवृत्त होईल. त्यानंतर जुन्या पेन्शनचा भार हळूहळू उतरत जाईल. याच कारणाने जुनी पेन्शन पुन्हा आणणे राजकारण्यांना गोड वाटते: आजचे १४ टक्के वाचतात आणि बिल पुढच्या पिढीच्या नावे फाटते. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या मासिक पत्रिकेतील अभ्यासाने दाखवले की सगळी राज्ये जुन्या पेन्शनकडे वळली तर एकत्रित भार नव्या योजनेच्या ४.५ पटीपर्यंत जाऊ शकतो. तुमच्या शाळेतील आजची मुले तेव्हा करदाते असतील. तुमची पेन्शन त्यांच्या अंगावर टाकण्याऐवजी तिच्यामागे आजच निधी उभा राहणे, हे तुमच्या आणि त्यांच्या दोघांच्याही हिताचे आहे, असे मला मनापासून वाटते.

तुमच्या घराची स्थिती पाहता, आश्वासित निवृत्तिवेतन आणि महागाई वाढ देणारा विकल्प तुम्ही घ्यावा, असे माझे मत आहे. त्याचे कारण तुमच्या यजमानांच्या पेन्शनमध्ये आहे. १९९५ च्या योजनेत पेन्शनसाठी धरले जाणारे वेतन जास्तीत जास्त १५ हजार आहे. त्या वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात. पस्तीस वर्षे बस चालवली तरी हिशेब ७,५०० रुपयांवर थांबतो, आणि त्यावर महागाई वाढ नाही. घाटातील वळणे आणि पावसाळी रात्री यांचे हे मोल पाहून मला नेहमीच वाईट वाटते. पण वस्तुस्थिती ही आहे की तुमच्या म्हातारपणात महागाईबरोबर वाढणारे एकच उत्पन्न घरात असू शकते आणि ते तुमचे असेल. तुमचे पती मोठ्या पेन्शनवाले असते तर एकरकमी ६० टक्के हाती घेण्याचा विचार मी वेगळ्या नजरेने केला असता.

मात्र सही करण्याआधी तुमच्यापर्यंत आलेल्या शासन निर्णयाची मूळ प्रत मुख्याध्यापकांकडून घ्या, संघटनेने केलेल्या सारांशावर थांबू नका. तीन गोष्टी त्यात शोधा. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यास निवृत्तिवेतन लगेच सुरू होते की निवृत्तीच्या वयापर्यंत थांबावे लागते (केंद्राच्या योजनेत थांबावे लागते). सेवेत असताना निधीतून काढलेली रक्कम पुढे पेन्शनमधून वजा होते का. आणि पश्चात लाभ फक्त जोडीदाराला आहे की अविवाहित मुलगी किंवा दिव्यांग अपत्य यांनाही आहे, कारण जुन्या नियमांत ते असतात आणि केंद्राच्या एकीकृत योजनेत ते नाहीत. तुमच्या पत्रात मुलांचा उल्लेख नाही. असे अपत्य घरात असेल, तर माझा वरचा सल्ला बदलेल आणि मला पुन्हा लिहावे.

सुरुवातीला म्हटले होते की तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही. ती म्हणजे तुमच्या डीसीपीएसच्या पावत्या. २००९ पासूनच्या सगळ्या महिन्यांची कपात तुमच्या खात्यात खरोखर उतरली आहे का? जिल्हा परिषदेच्या शिक्षकांमध्ये हा प्रश्न फार जुना आहे: पगारपत्रकावर कपात दिसते, आणि खात्याच्या विवरणात तो महिनाच नसतो. कुठे तालुक्यातून बदली झाली, कुठे चलन एका शीर्षाऐवजी दुसऱ्याखाली गेले, कुठे शासनाचा हिस्सा पडायचाच राहिला. २०११ मधील एक महिना धरा: तुमचे दोन हजार आणि शासनाचे दोन हजार, मिळून चार हजार. ८ टक्क्यांनी ती रक्कम २०४१ पर्यंत तीस वर्षे वाढली तर जवळजवळ दहापट, चाळीस हजार होते. असे दहा महिने हरवले असतील तर चार लाख रुपये गेले, आणि ते कोणत्याही सरकारने बुडवलेले नसतील, ते एका फाइलीत अडकलेले असतील. आश्वासित योजनेत गेल्यावर हा प्रश्न मिटतो असेही नाही. केंद्राच्या एकीकृत योजनेत तुमची जमा ठरावीक आदर्श जमेपेक्षा कमी भरली तर निवृत्तिवेतन त्या प्रमाणात कमी होते. महाराष्ट्राच्या नियमांतही अंशदान नियमित असणे हाच हिशेबाचा पाया आहे.

म्हणून येत्या सुटीत एक वही करा. डाव्या बाजूला वेतन चिठ्ठीतील कपात, उजव्या बाजूला विवरणातील जमा, महिन्यामागून महिना. जे महिने जुळत नाहीत त्यांची यादी करून गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत वित्त विभागाला लेखी द्या आणि पोच घ्या. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत घरी ठेवा आणि वेतनपडताळणी पथकाचा शिक्का त्यावर कोणत्या तारखेपर्यंत आहे, ते पाहा. निवृत्तीच्या वर्षी सापडलेली वेतननिश्चितीची चूक वसुली होऊन समोर येते. मी पाहिलेल्या रखडलेल्या प्रकरणांपैकी बहुतेक पैशाअभावी नव्हती, ती अशा एखाद्या न लागलेल्या शिक्क्यापायी रखडलेली होती.

भाऊजींच्या कलमांविषयी थोडक्यात. हापूसवर माझे प्रेम आहे आणि शेतीची आवड असेल तर जागा जरूर घ्या. परंतु ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या बागा झोपवल्या, पुढच्याच मे महिन्यात तौक्तेने झाडावरचा आंबा खाली आणला, आणि वादळ नसलेल्या वर्षी अवकाळी पाऊस, तुडतुडे आणि फुलकिडे असतातच. कलमांना फवारणी, राखण आणि धडधाकट माणूस लागतो. निवृत्तिवेतनाची गरज नेमकी तेव्हा लागते जेव्हा अंगात हे काही राहत नाही. शिवाय भाऊजींनी आपल्याच कोकणाचा इतिहास आठवावा. घरोघर मुंबईच्या मनीऑर्डरवर चुली पेटत होत्या. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत हजारो कामगार गावी परतले, त्यांतल्या अनेकांच्या हाती निवृत्तिवेतन म्हणून काहीही नव्हते. गावी जमीन त्यांच्याकडेही होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नाकारा निकालाने सरकारी पेन्शनरांचा हक्क पक्का झाला. एकाच वाडीत या दोन प्रकारच्या म्हाताऱ्यांची घरे शेजारी शेजारी होती आणि पहिल्या तारखेला त्या दोन घरांत काय फरक असे, हे ज्यांनी पाहिले आहे ते महिन्याच्या ठरलेल्या पैशाला कमी लेखत नाहीत. हातात शिल्लक असेल तर आधी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते काढा. त्याची पंधरा वर्षे तुमच्या निवृत्तीच्या आसपास भरतील.

आबांना मात्र आजच सांगा की पेन्शन साठवण्यासाठी नसते, ती त्या महिन्यात नीट जगण्यासाठी असते, आणि ती त्यांनी कमावलेली आहे. वाढलेला मोतीबिंदू घेऊन पावसाळ्यात निसरड्या घाटीवरून चालणे हे त्यांच्या वयात पेन्शन बंद होण्यापेक्षा कितीतरी जवळचे संकट आहे. शस्त्रक्रिया मृगाच्या आधी उरकून घ्या. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा आहेच. जीवन प्रमाणची सोय आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरीही होते, पण आबांना बँकेत जाऊन जुन्या सोबत्यांना भेटायचे असेल तर त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी सही करण्याची जागा दिसायला हवी. तुमच्या वहीत न जुळलेले महिने किती निघाले, ते मला अवश्य कळवा.